न्हाणीघराचा तळ आधी, विनाइल नंतर

न्हाणीघराच्या जुन्या टाइलवर विनाइल घालायचे ठरले की खर्चाच्या यादीत विनाइल येते, चिकटवायचे सोल्युशन येते, कारागिराची मजुरी येते. तळाची तयारी मात्र त्या यादीत नसते, कारण तळ तयारच आहे असे सगळ्यांनी धरून चाललेले असते. प्रकाशा येथे काय किंवा शहादा-नंदुरबारला काय, मत एकच ऐकू येते. खाली टाइल आहे, म्हणजे जमीन कठीण आहे आणि सपाटही आहे. ॲसिडने एकदा घासावी, सोल्युशन फासावे, विनाइल अंथरावे. संध्याकाळी न्हाणीघर वापराला मोकळे. विनाइलला पाण्याने काही होत नाही, मग खाली काय आहे याची उठाठेव कशाला? सांधे झाकले जातात, डाग झाकले जातात, फुटकी टाइलही झाकली जाते. तयारीसाठी आठवडाभर न्हाणीघर बंद ठेवायला सांगणारा मिस्त्री उगाच काम वाढवतो, असेही वर ऐकवले जाते.

या मतातला एकही दावा तपासणीला टिकत नाही. जुन्या टाइलची जमीन विनाइलसाठी तयार नसतेच. टाइलचे जे गुण न्हाणीघरात उपयोगी पडतात, तेच विनाइलच्या आड येतात. टाइल चकचकीत असते, म्हणून तिच्यावर मळ धरत नाही; आणि म्हणूनच चिकटद्रव्यही धरत नाही. ती पाणी शोषत नाही, म्हणून चिकटद्रव्यातले पाणी खाली जिरत नाही. तिला दर फुटाला सांधा असतो आणि प्रत्येक सांधा खोलगट असतो. तिला जाळीकडे ढाळ दिलेला असतो आणि वर्षानुवर्षांच्या वापरात तो ढाळ जागोजागी बिघडलेला असतो. शिवाय तिच्या पोटात काय चालले आहे ते वरून दिसत नाही.

प्रकाशा येथील घरांत हे पोट विशेष गुंतागुंतीचे आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे गाव फार जुने. बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे एकावर एक थर उघडे झाले. जुन्या वस्तीच्या गावात घराखालची जमीन बऱ्याचदा भरावाची असते आणि भराव सगळीकडे सारखा दबत नाही. त्याला जोड मिळते तापीखोऱ्यातल्या काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात या भेगा डोळ्यांना दिसतात. उथळ पायाच्या घराखाली दिसत नाहीत, पण माती तिथेही हलतच असते. तिच्यावर मुरूम, मुरमावर कोबा, कोब्यावर कधीकाळची शहाबादी फरशी, फरशी न काढताच तिच्यावर सिमेंटचा थर आणि त्या थरावर पुढे कधीतरी मोरबीहून आलेली सिरॅमिक टाइल, अशी रचना जुन्या घरांत सहज सापडते. एवढ्या थरांतला एक जरी सुटला असेल तर सगळ्यांत वर चिकटवलेले विनाइल कशाला धरून राहणार?

म्हणून पहिला दावा, टाइल कठीण आहे म्हणजे तळ पक्का आहे, येथेच संपतो. टाइल कठीण असणे वेगळे आणि ती खालच्या थराला घट्ट बसलेली असणे वेगळे. दुसरी गोष्ट तपासायला महागडे यंत्र लागत नाही. हातोडीच्या दांड्याने किंवा जाड नाण्याने प्रत्येक टाइलवर, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठोकून पाहावे. घट्ट टाइलचा आवाज भरीव, दबका येतो. सुटलेली पोकळ वाजते. पोकळ वाजणाऱ्या प्रत्येक टाइलवर खडूने खूण करावी. पायाखाली हलणारी, कडेने चिरलेली आणि सांध्यातून पाणी वर येणारी टाइलही त्याच यादीत घालावी. खुणा झालेल्या टाइल छिन्नीने उचलून खालचा भुसभुशीत माल काढावा, तळ झाडून ओला करावा आणि तो खड्डा पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने शेजारच्या टाइलच्या पातळीपर्यंत भरावा. खुणा साधारण एक तृतीयांशापेक्षा अधिक टाइलवर पडल्या, तर दुरुस्तीचा नाद सोडून सगळी टाइल कोब्यापर्यंत काढणे हेच शहाणपणाचे. विनाइलला पोकळ टाइलही चालते असे म्हणणाऱ्याने पाण्याने भरलेल्या बादलीचा विचार करावा. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो वजन. ते बादलीच्या अरुंद कडेवर पेलले जाते आणि रोज त्याच जागी ठेवले जाते. खालची टाइल डुगडुगत असेल तर दर वेळी तिच्या कडेवर विनाइल वाकते. रोज त्याच रेघेवर वाकणारे प्लास्टिक एक दिवस त्याच रेघेवर फाटते.

दुसरा दावा ॲसिडचा. ॲसिड मारले की टाइल कोरी करकरीत होते, पुढे काही करावे लागत नाही, असे म्हणतात. बोअरचे पाणी जड असेल तर टाइलवर पांढरा क्षाराचा थर बसतो आणि ॲसिडने तो फेसाळून निघतो, एवढा भाग खरा. पण त्या फेसात नेमके काय घडते? बाजारात मिळणारे साफसफाईचे ॲसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असते. क्षारातल्या आणि सांध्याच्या सिमेंटमधल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन कॅल्शियम क्लोराइड तयार होते. हा पदार्थ हवेतले पाणी ओढून घेतो. बादलीभर पाणी ओतून काम संपवले तर तो सांध्यांत उरतो आणि विनाइलखाली ओल धरून ठेवतो. शिवाय ॲसिड क्षार आणि सिमेंट यांत भेद करत नाही. मळाबरोबर ते सांधेही पोखरते. आणि न्हाणीघराच्या जमिनीवरचा सर्वांत हट्टी थर ॲसिडने निघतही नाही. तो असतो खोबरेल तेलाचा, साबणाचा, उटण्याचा. तेलकट थर काढायला धुण्याचा सोडा किंवा चांगले डिटर्जंट, गरम पाणी आणि ताठ ब्रश लागतो.

म्हणून क्रम असा असावा. आधी सोड्याने तेलकटपणा काढावा. मग जिथे क्षार साचला आहे तिथेच, पातळ केलेले ॲसिड, जमीन आधी ओली करून, दार-खिडकी उघडी ठेवून वापरावे. नंतर पुन्हा सोड्याच्या पाण्याने उरलेले ॲसिड मारावे आणि शेवटी साध्या पाण्याने अनेकदा धुवावे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांतून क्लोरीन वायू सुटतो आणि लहान, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. सांध्यांतली काळी बुरशी काढायला ब्लीचिंग वापरायचेच असेल तर ते वेगळ्या दिवशी, मधे जमीन पूर्ण धुऊन वापरावे. एवढे झाल्यावर टाइल स्वच्छ होते. चिकटद्रव्य धरण्याजोगी ती अजूनही झालेली नसते.

तिसरा दावा सर्वांत लोकप्रिय: विनाइल सांधे झाकते. पहिल्या दिवशी झाकतेही. घरगुती वापराचे विनाइल साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीचे असते, म्हणजे ते मऊ आणि लवचिक असते. त्याच्याखाली तीन ते पाच मिलिमीटर रुंदीचे, खोलगट सांधे दर फुटावर आडवे-उभे गेलेले असतात. पायाच्या आणि बादलीच्या भाराने विनाइल हळूहळू त्या खाचांत बसत जाते. काही महिन्यांत खालच्या टाइलचा सगळा चौकटा वर उमटतो. हा ठसा नुसता डोळ्यांना खटकत नाही. त्या खाचेत साबणाचे पाणी साचते, तिच्या दोन्ही काठांवर विनाइलचा वरचा थर आधी झिजतो आणि चिकटद्रव्याची पकड तिथूनच सुटू लागते. मग सांधे झाकले असे म्हणायचे कशाच्या आधारावर?

सांधे झाकण्याचे काम विनाइलचे नाही, खालच्या भरणीचे आहे. सुटा झालेला जुना ग्राउट खरवडून काढावा. टाइलची चकाकी मोडावी. त्यासाठी कार्बोरंडमचा दगड किंवा ग्राइंडरवरचे हिऱ्याचे चाक चालते. कोरडे घासल्यास उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांत कायमची बसते, म्हणून पाणी मारत घासावे आणि कारागिराच्या तोंडावर धुळीचा मास्क असावा. त्यानंतर पाणी न शोषणाऱ्या जमिनीसाठी बनवलेला, बारीक वाळू असलेला प्रायमर लावावा. टाइल पाणी शोषते की नाही हे एका थेंबाने कळते. थेंब मिनिटभरात जिरला नाही, तसाच उभा राहिला, तर साधा प्रायमर उपयोगाचा नाही. प्रायमर वाळल्यावर सिमेंटच्या आधाराची, पॉलिमर मिसळलेली भरणी दोन हातांत करावी. पहिला हात फक्त सांध्यांत. तो वाळताना थोडा खाली बसतो. दुसरा हात सगळ्या जमिनीवर, एक ते तीन मिलिमीटर जाडीचा, थापीने ओढून. एकाच हातात सगळे उरकले तर सांधे पुन्हा खोलगट होतात आणि तयारी करूनही ठसा उमटतो. भिंतीला लावायची पुट्टी किंवा जिप्समचा कोणताही माल येथे चालत नाही, कारण ओल लागताच तो मऊ पडतो. उन्हाळ्यात नंदुरबार जिल्ह्याचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्या दिवसांत भरणी सकाळी लवकर करावी, पंखा बंद ठेवावा आणि ऊन आत येऊ देऊ नये. नाहीतर वरचा पापुद्रा आधी वाळून तडकतो.

येथे चौथा दावा पुढे येतो: एवढे थर कशाला? जमीन समपातळीला आणणारे लेव्हलिंगचे मिश्रण ओतावे, ते आपोआप पसरते आणि सगळे एका दमात होते. दिवाणखान्यात ते योग्य. न्हाणीघरात ते ढाळ बुडवते. जे मिश्रण पाण्यासारखे पसरून समपातळी गाठते, ते जाळीच्या बाजूचा उतार भरून काढणारच. मग पाणी जाळीकडे जाईल कशाने? न्हाणीघराच्या जमिनीला दर मीटरला साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर उतार हवा. तो तपासायला बादलीभर पाणी ओतून कुठे डबके राहते ते पाहावे, मग पाणसळ आणि सरळ पट्टी लावून खातरजमा करावी. दोन मीटरच्या पट्टीखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर ती भरावी. मात्र सपाट म्हणजे समपातळी नव्हे, हे ध्यानात ठेवून भरावी. विनाइलला जमीन बिनउंचवट्याची लागते. ती उतरती असली तरी त्याची काही तक्रार नसते. त्यामुळे न्हाणीघरात भरणी थापीनेच, उताराला धरून करायची असते.

पाचवा दावा हा सगळ्यांचा मुकुटमणी: विनाइल पाणी धरत नाही, म्हणून खाली काही करायची गरज नाही. विनाइलच्या पत्र्यातून पाणी जात नाही हे खरे. पण न्हाणीघरात विनाइलच्या अंगातून पाणी जाण्याची भीती कोणाला आहे? पाणी जाते ते त्याच्या कडांनी, जोडांनी, जाळीभोवतालून, पाइपाच्या भोकातून आणि बैठकीच्या भांड्याच्या काठाने. एकदा खाली गेलेले पाणी वर येऊ शकत नाही, कारण आता वर विनाइल आहे. पूर्वी टाइलच्या सांध्यांतून मुरलेले पाणी थोडेथोडे वाळत असे. विनाइलने ती वाट बंद केली. ज्या गुणाचे कौतुक केले जाते तोच गुण ओल आत कोंडतो आणि कोंडलेल्या ओलीत बुरशी वाढते, वास सुटतो, चिकटद्रव्य मऊ होते.

ओल वरूनच येते असेही नाही. तळमजल्याच्या जुन्या घरांत कोब्याखाली ओल अडवणारा थर सहसा घातलेला नसतो. पावसाळ्यात काळी माती तुडुंब ओली असते, नदीकाठच्या घरांत तर जास्तच. ही ओल कोब्यातून वर चढते आणि सिमेंटमधले क्षार बरोबर आणते. पाण्याच्या आधाराचे चिकटद्रव्य अशा खाऱ्या ओलीत सुटते. ही ओल मोजण्याची एक सोपी रीत आहे. न्हाणीघर काही दिवस कोरडे ठेवावे, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर चौरसाचा जाड पॉलिथीनचा तुकडा जमिनीवर अंथरून चारही कडा टेपने बंद कराव्यात आणि किमान सोळा तास, शक्यतो पूर्ण दिवस तसाच ठेवावा. उचलल्यावर खालच्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन गडद झाली, तर विनाइल घालू नये. हीच तपासणी मे महिन्यात करून निर्धास्त होणे ही आणखी एक चूक. मेमधली कोरडी जमीन ऑगस्टमधल्या जमिनीबद्दल काहीच सांगत नाही. तपासणी पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताच करावी आणि काम जमीन वाळल्यावर, हिवाळ्यात काढावे. भारतात लवचिक पीव्हीसी जमिनी बसवण्याच्या कामासाठी आयएस ५३१८ ही स्वतंत्र संहिता १९६९ पासून आहे. खाली काय आहे याने फरक पडत नसता, तर बसवण्याच्या कामाला वेगळ्या संहितेची गरज कोणाला भासली असती?

वरून येणारे पाणी अडवायला विनाइलखाली जलरोधक थर लागतो. दुरुस्त केलेल्या जमिनीवर सिमेंट-पॉलिमरचा थर दोन हातांत, एकमेकांना आडवा द्यावा. तो भिंतीवर निदान फूटभर चढवावा, कोपऱ्यांत जाळीची पट्टी दाबावी आणि जाळीच्या तोंडात आतपर्यंत उतरवावा. थर पूर्ण वाळल्यावर जाळी बंद करून पाणी साठवावे आणि एक दिवस पातळी पाहावी. खालच्या मजल्याच्या छताला किंवा बाहेरच्या भिंतीला ओल दिसली, तर पुढचे काम थांबवावे. ही चाचणी विनाइल घातल्यावर करता येत नाही.

जाळीचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो आणि घाईचे काम हमखास याच जागी फसते. आपल्याकडची नेहमीची जाळी न्हाणी ट्रॅपच्या तोंडावर नुसती ठेवलेली असते. तिच्याभोवती विनाइल गोल कापून सोडले की कापलेली कड कायम पाण्यात राहते. भरणी आणि विनाइल मिळून जमीन चार-पाच मिलिमीटर वर आली असेल, तर जाळी खड्ड्यात जाते आणि त्या खड्ड्याच्या भिंतीतून पाणी सरळ विनाइलच्या पोटात शिरते. म्हणून जाळीभोवतीच्या टाइल आधीच काढाव्यात, जाळीची चौकट नव्या पातळीच्या किंचित खाली बसवावी आणि शक्यतो विनाइलची कड दाबून धरणारी कडी असलेली जाळी मिळवावी. ती मिळत नसेल तर आंघोळीच्या जागेत विनाइल घालणे टाळावे. दाराकडेही पाहावे लागते. नवी जमीन उंबऱ्याच्या कडप्प्याखालीच राहिली पाहिजे, नाहीतर न्हाणीघरातले पाणी खोलीत येते. आणि दाराचा तळ विनाइलला घासत असेल तर तोही आधीच कापून घ्यावा.

सहावा दावा परदेशाचा. अमेरिकेत, इंग्लंडात न्हाणीघरात सर्रास विनाइल असते, जुन्या जमिनीवर पट्ट्या खटाखट अडकवतात, त्यांचे काही बिघडत नाही. मग आपल्याकडेच एवढा बाऊ का? कारण तिथे माणूस जमिनीवर आंघोळ करत नाही. तो टबात किंवा काचेआडच्या शॉवरखाली आंघोळ करतो, त्याचे पाणी त्याच भांड्यातून निघून जाते आणि बाकीची जमीन कोरडी राहते. कितीतरी घरांत न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जायची जाळीच नसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही बादली-तांब्याची सवय टबाच्या आतच चालवावी लागते. तिथले विनाइल दिवसभरात चार शिंतोडे सोसते. प्रकाशा येथील न्हाणीघराची जमीन रोज घरातल्या प्रत्येक माणसाची आंघोळ, धुण्याचे पाणी आणि फरशी पुसायची बादली सोसते. दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात केदारेश्वराच्या दर्शनाला आणि संगमावरच्या विधींना येणारे पाहुणे ज्या घरांत उतरतात, तिथे हा वापर आणखी वाढतो. आणि जिथे खरोखर सगळी जमीन ओली होते, अशी न्हाणीघरे परदेशातही असतात. तिथे विनाइल एकसंध पत्र्याचे असते, जोड गरम करून सांधलेले असतात, कडा दहा-पंधरा सेंटिमीटर भिंतीवर वळवलेल्या असतात, जाळीत कडीने दाबलेल्या असतात आणि खाली जलरोधक थर असतो. परदेशाचे उदाहरण द्यायचे तर ते पूर्ण द्यावे.

सातवा दावा चिकटद्रव्याचा: सोल्युशन जाड लावले की कमी-जास्त भरून निघते. जाड थर खाच भरत नाही. तो न वाळलेला, मऊ लगदा होऊन राहतो. टाइल पाणी पीत नाही आणि वर विनाइल आहे. मग पाण्याच्या आधाराच्या चिकटद्रव्यातले पाणी जाणार कुठे? म्हणून ओल्या जागेत पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी प्रकारचे, दोन भाग मिसळायचे चिकटद्रव्य वापरतात आणि ते दातेरी थापीने, ठरलेल्या जाडीत पसरतात. विनाइलही आणले आणि अंथरले असे चालत नाही. ते उष्णतेने पसरते आणि थंडीने आकसते. तीन मीटर लांबीत वीस अंशांच्या फरकाने सुमारे चार मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. पत्र्याच्या छपराखालचे न्हाणीघर दुपारी आणि पहाटे एकसारखे नसते. म्हणून विनाइलची गुंडाळी निदान एक-दोन दिवस त्याच खोलीत उघडून ठेवावी आणि काम सकाळी करावे. ओल्या जागेत एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या मुळीच घेऊ नयेत. प्रत्येक पट्टीला चार कडा असतात आणि प्रत्येक कड पाण्याला वाट देते. पृष्ठभाग ओला असताना अनवाणी पायाला धरणारा, उठावाचा घ्यावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली नवी पण निसरडी जमीन घालायची असेल, तर जुनी खडबडीत टाइलच काय वाईट?

शेवटचा दावा पैशाचा आणि वेळेचा आहे आणि बाकीचे सगळे दावे प्रत्यक्षात याच्याच आधाराने उभे असतात. तयारीचा खर्च कधी विनाइलच्या किमतीएवढा होतो, हे खरे आहे. घरात एकच न्हाणीघर असेल तर आठवडाभर ते बंद ठेवणे जड जाते, हेही खरे आहे. पण त्यावरून तयारी टाळावी असे कसे ठरते? तयारीशिवाय घातलेले विनाइल वर्ष-दोन वर्षांत सुटले की ते फाडून काढावे लागते, टाइलवरचे वाळके सोल्युशन खरवडावे लागते आणि त्यानंतर हीच तयारी, आता अधिक घाणेरड्या जमिनीवर, करावीच लागते. न्हाणीघर तेव्हाही बंद पडते. खर्च टळत नाही. तो पुढे ढकलला जातो आणि वाढतो.

आणि ज्याला तयारीचा खर्च परवडत नाही, त्याच्यापुढे प्रामाणिक मार्ग आहेत. टाइल घट्ट असेल तर जुना ग्राउट खरवडून नवा इपॉक्सी ग्राउट भरावा, क्षार काढावा, घसरू नये म्हणून जमिनीला खरखरीत थर द्यावा. ते काम स्वस्त आहे आणि पुष्कळ वर्षे टिकते. टाइल सैल असेल, ढाळ उलटा झाला असेल, खालून ओल चढत असेल, तर सगळे खणून नवा कोबा, जलरोधक थर आणि नवी टाइल घालावी. अशा जमिनीवर विनाइल हा उपायच नाही. विनाइल योग्य ठरते ते घट्ट, कोरड्या, उतार शाबूत असलेल्या जमिनीवर, आणि मुख्यतः न्हाणीघराच्या त्या भागात जिथे आंघोळीचे पाणी पडत नाही: बेसिनपुढे, कमोडच्या खोलीत, कपडे बदलण्याच्या जागेत. कमोड असेल तर तो उचलून त्याच्याखालपर्यंत विनाइल न्यावे. बैठकीचे भांडे उचलता येत नाही, म्हणून त्याच्या काठाची फट बुरशीरोधक सिलिकॉनने भरावी आणि ती दरवर्षी तपासावी.

जुन्या टाइलवर विनाइल घालणे म्हणजे चादर अंथरणे, हा समज सोडून द्यावा लागेल. या कामाचा मोठा भाग विनाइलची गुंडाळी उघडण्याआधीच संपतो: ठोकून पाहणे, सैल टाइल काढणे, तेल आणि क्षार धुणे, ओल मोजणे, ढाळ दुरुस्त करणे, जाळी बसवणे, चकाकी मोडणे, प्रायमर लावणे, सांधे दोन हातांत भरणे, पाणी अडवणे आणि प्रत्येक थर पुरता वाळू देणे. यातली एकही पायरी शोभेची नाही. प्रत्येक पायरी विनाइल निकामी करणारे एकेक निश्चित कारण दूर करते. तयारी सांगणारा मिस्त्री काम वाढवत नाही. ज्या कामाचे पैसे घरमालक देतो आहे, ते काम तो पुरे करायला सांगतो आहे. त्याला वेळ द्यावा, मोबदला द्यावा आणि त्याने खडूने खूण केलेली प्रत्येक टाइल उचलू द्यावी. हे द्यायची तयारी नसेल तर विनाइल विकत घेऊ नये.